दोन्ही शहरांचा चाहता

अमेरिकन फुटबॉल मला आजही कळत नाही. हेल्मेट घातलेले धिप्पाड लोक हातात चेंडू घेऊन पळतात, एकमेकांवर आदळतात आणि दर दोन मिनिटांनी खेळ थांबतो, एवढंच मला दिसतं. तरीही कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या ऑफिसात बसून मी तीन वर्षं त्या खेळाचा कट्टर चाहता होतो. तोही एका संघाचा नाही, दोन संघांचा.

आमच्या क्लायंटची तिकडे अमेरिकेत दोन ऑफिसं होती, शेजारशेजारच्या दोन शहरांत. गाडीने तासाभराचं अंतर, पण प्रत्येक शहराचा आपला संघ आणि दोघांचं पिढ्यानपिढ्यांचं हाडवैर. एका ऑफिसचे प्रमुख साठीचे गृहस्थ. सोमवारी संध्याकाळी त्यांचा कॉल असे. कामाआधी पाच मिनिटं रविवारच्या सामन्याबद्दल बोलायचं, ही आमच्या धंद्यातली रीतच. मी येताना मेट्रोत निकाल वाचून ठेवायचो आणि कॉलवर त्यांच्याबरोबर हळहळायचो. दुसऱ्या ऑफिसच्या प्रमुख एक बाई होत्या. त्या बोलण्यापेक्षा चॅटवर असत. तिथे मी त्यांच्या संघाचा. बायको म्हणायची, “पोराची परीक्षा कधी आहे ते ठाऊक नाही, आणि त्या टोणग्यांचे स्कोअर मात्र तोंडपाठ!” मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटायचं.

माझ्या टीममध्ये एक बंगाली मुलगी होती. रोज लोकलने सियालदहला उतरून पुढे ऑफिसला यायची. कॉलवर ती असे, पण गप्प. कामात मात्र माझ्यापेक्षा सरस. त्या वर्षी तिकडे जाऊन वर्षभर काम करण्यासाठी तिचं नाव पहिलं होतं, आणि शेवटचा शब्द त्या गृहस्थांचा होता. तिच्या आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

एका सोमवारी गृहस्थांचा आवाज उतरलेला होता. आदल्या दिवशी त्यांचा संघ शेजाऱ्यांकडून हरला होता. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की वडिलांबरोबर त्यांनी पाहिलेला शेवटचा सामनाही याच शेजाऱ्यांशी होता. तोही हरले. सगळं स्टेडियम रिकामं झालं तरी वडील खुर्चीतून उठले नाहीत, लहान मुलासारखे रडले. पुढच्याच महिन्यात ते गेले. मी जड आवाजात दोन शब्द बोललो.

आणि दुसऱ्या दिवशी बाईंना चॅटवर लिहिलं, ‘त्यांच्याकडचे म्हातारे म्हणे हरल्यावर खुर्चीत बसून भोकाड पसरतात.’ पुढे हसणारे तीन चेहरे. का लिहिलं? त्या हसाव्यात म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

महिन्याभराने दोन्ही ऑफिसांचा एकत्र कॉल ठरला. थट्टामस्करी सुरू झाली आणि बाई उत्साहाने म्हणाल्या, “आमचा कोलकात्याचा चाहता काय लिहितो, ऐका.” त्यांनी ते वाचून दाखवलं. गृहस्थ कॅमेऱ्यात दिसत होते. ते हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

चॅटला टीमचा एकच आयडी होता. लिहिणाऱ्याचं नाव तिथे दिसत नसे. मी त्या मुलीचं नाव सांगितलं. अडखळलोसुद्धा नाही, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

ती माझ्या समोरच्याच खुर्चीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माइक सुरू केला आणि म्हणाली, “हो, मीच लिहिलं. माझं चुकलं.” गृहस्थ ‘ठीक आहे’ म्हणाले आणि कामाचं बोलू लागले.

दोन दिवसांनी त्यांची मेल आली. भाषा अगदी सभ्य. त्या मुलीला आपल्याकडे पाठवू नये, दुसरं नाव सुचवावं. खरं काय ते सांगायला मला एक ओळ पुरली असती. तशी ओळ मी लिहिली, दोनदा वाचली, खोडली आणि दुसरं नाव पाठवलं. घरी दोन पोरं, फ्लॅटचे हप्ते, अशी कारणं मी स्वतःला देत बसलो. कारणं खोटी नव्हती. मीच कोता होतो.

शेवटी कँटीनमध्ये तिला गाठून विचारलं, “तू हो का म्हणालीस?”

ती चहाचा भांड, म्हणजे तिकडचा मातीचा छोटा कप, हातात धरून म्हणाली, “दादा, आप बोल चुके थे. मैं ना कहती तो आप सबके सामने झूठे पड़ते.” मी तिची माफी मागू लागलो. तिने थांबवलं. “वो छोड़िए. लेकिन हमारे घर में कोई टीम के लिए रोए, तो उस पर हँसते नहीं. मेरे बाबा भी रोए हैं.”

मी मान खाली घातली. आजच्या आज सगळं खरं लिहून पाठवतो, असं तिला सांगितलं. मी पाठवलं नाही.

पुढच्या सोमवारी कॉल लागला. ती समोरच्या खुर्चीत, नेहमीसारखी गप्प. गृहस्थांनी बऱ्याच दिवसांनी मोकळ्या आवाजात विचारलं, “कालचा सामना पाहिलास?”

मी म्हणालो, “पाहिला ना. आपण जिंकलो!”