छातीवरचा तळहात

माझ्या मुलीने शिक्षणाची एक अख्खी व्यवस्था आखली, जन्मापासून एकविसाव्या वर्षापर्यंतची, आणि तिच्यातली पहिली विद्यार्थिनी म्हणून स्वतःचीच पोरगी दिली. हे आठवलं की मला राग येतो की भीती वाटते, ते अजून नीट सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

मी स्वतः मास्तरीण. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, घमापूरच्या एका हिंदी शाळेत माझी सगळी नोकरी झाली. खच्चून भरलेले वर्ग, कान किटवणारा गोंगाट. मुलगीही त्याच शाळेत शिकली आणि तिथे जे पाहिलं ते विसरली नाही. "आई, तुमच्या शाळेत रडणं म्हणजे हजेरीच होती," ती म्हणायची, "एकाचं झालं की दुसरा सुरू." खोटं नव्हतं. कान पिरगाळणं, बाकावर उभं करणं, सगळं चालायचं. आपण मोठे झालो की अशी शाळा काढू जिथे कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, हे तिने तेव्हाच मनात धरलं असणार.

दोन मैत्रिणींना घेऊन तिने राइट टाउनमध्ये एक बंगला भाड्याने घेतला. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनोन्महिने दुसरा विषय नाही. सात वर्षांपर्यंत पाटी-पुस्तक नाही, हात मातीत. मग भाषा, तीही आधी घरात बोलतात ती. चौदाव्या वर्षी प्रत्येकाने हाताचं एक काम शिकायचं, सुतारकाम म्हणा, शिवणकाम म्हणा. अठरा झाली की लहानांना शिकवायचं आणि मगच बाहेरच्या जगात पाऊल टाकायचं. मला आवडलंही, उगाच नाही कशाला म्हणू? मी एवढंच विचारलं, "आणि भांडायचं कोणत्या वर्षी?" जावई खो खो हसले. मुलगी हसली नाही.

या सगळ्याचा पाया होता बाळांच्या खोलीत. तिथला नियम साधा. बाळ रडलं तर रागवायचं नाही, ओरडायचं नाही, पण उचलायचंही नाही. मोठ्यांनी शांतपणे मान वळवायची आणि रडणं थांबेपर्यंत दुसरीकडे पाहायचं. बाळाने तळहात छातीवर ठेवला की मात्र लगेच वळायचं, हसायचं, जवळ घ्यायचं. तळहात छातीवर, म्हणजे मला काहीतरी हवं आहे. बोलता येण्याआधी पोरांना नीट मागता आलं तर रडायची गरजच उरणार नाही, असं मुलीचं म्हणणं.

ती खोली मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस आठवतो. बाहेर रस्त्यावर ऑटोवाले हॉर्न वाजवून जीव खात होते आणि आत, सतरंजीवर, एवढी बाळं असून कोणाचा हूं नाही की चूं नाही. एक गुबगुबीत पोरगं उभं राहायला गेलं आणि तोंडावर आपटलं. त्याचा ओठ थरथरला, तोंड वाकडं झालं. मग त्याने आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं, तोंड सरळ केलं आणि हात छातीवर नेला. लगेच एक दीदी हसत वळली. काचेपलीकडे पालक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते.

माझा वर्ग अचानक गप्प झाला की मी खडू टाकून मागे वळत असे, कारण तेव्हा हमखास कोणाचं तरी डोकं फुटलेलं असायचं. इथे तर सगळे त्या शांततेचं कौतुक करत होते.

नातीला मी सराफ्यातून पैंजण आणले होते, भरपूर घुंगरांचे. मुलीने एकदा घालून पाहिले आणि डबीत ठेवून दिले. "आवाज नको आई, बाकीच्या बाळांचं लक्ष जाते," म्हणाली. घरीही मान वळवायचा नियम होताच. मला तो जमेना. पोरगी रडली की माझे हात आपोआप पुढे व्हायचे.

"आई, तू काहून उचलून राहिली तिला? सगळी मेहनत वाया घालवशील."

"जाऊ दे वाया. मी आजी आहे, दगड नाही."

"अच्छा, म्हणजे मी दगड आहे?"

ती दगड नव्हती, हीच तर अडचण. पोर रडायची तेव्हा मान वळवून बसलेल्या माझ्या मुलीचे ओठ दाताखाली असायचे. ती मनापासून करत होती. त्यामुळे तिच्याशी भांडायला मला नीट जागाच सापडत नव्हती.

काही महिन्यांत उचलायचं कारणच संपलं. नातीला दाढा आल्या, ताप आला, दवाखान्यात सुया टोचून झाल्या. प्रत्येक वेळी फक्त तो इवलासा तळहात छातीवर. शेजारीण म्हणायची, "कितनी प्यारी बच्ची है, पता ही नहीं चलता घर में है।" दुपारी ती खेळत असली तरी मी सारखी जाऊन पाहून यायचे, ठीक आहे ना.

त्या दुपारी मात्र मी गेले नाही. ती दीड वर्षाची होती. मुलगी आतल्या खोलीत फोनवर होती आणि मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. वारं सुटलं होतं. माझ्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं. दारं आपटतच असतात. मी मिक्सर लावला, चटणी केली, ती वाटीत काढली, आणखी पुऱ्या सोडल्या. मग मागे वळले.

दाराशी नात उभी होती. तळहात छातीवर, बोटं अगदी नीट जुळवलेली.

"काय गं बाई, पुरी पाहिजे?" मी हसून विचारलं.

ती हलली नाही. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मग मला तिचा दुसरा हात दिसला. बोटं दाराच्या बिजागरीकडच्या फटीत होती आणि दार लागलेलं होतं.

किती वेळ ती अशी उभी होती मला माहीत नाही. रडणं ऐकायला पाठीलाही कान असतात. खूण पाहायला समोर कोणीतरी बघणारं लागतं. माझं पोर माझ्या पाठीला खूण करत उभं होतं. निदान पैंजण असते तर ती दाराशी आल्याचं तरी कळलं असतं.

मी दार ओढलं आणि किंचाळले. मुलगी धावत आली. तिला आधी छातीवरचा हातच दिसला. ती गुडघ्यावर बसली, सवयीने हसली आणि म्हणाली, "शाब्बास, किती छान सांगितलं." मग तिला रक्त दिसलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एका बोटाचं हाड मोडल्याचं सांगितलं आणि टाके घातले. "बड़ी बहादुर बच्ची है," ते म्हणाले. नात माझ्या मांडीवर ताठ बसून होती. मी तिच्या कानाशी लागले, "रड गं बाळा, रड, कोणी काही म्हणत नाही." तिने चांगला हात उचलून छातीवर ठेवला.

समोरच्या बाकावर मुलीचा बांध फुटला. सगळा दवाखाना वळून पाहील अशी ती हंबरडा फोडून रडली. तिला असं रडताना मी तिच्या शाळेच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. रडता रडताच तिने दोन्ही हात पुढे केले, "इकडे ये ना, बाळा. मम्माकडे ये."

नातीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मला वाटलं, आता ही झेपावेल. मी माझे हातही सैल केले.

तिने शांतपणे मान वळवली आणि आईचं रडणं थांबेपर्यंत ती भिंतीकडे पाहत राहिली.