अक्कांची जीप आणि बापूंचा मंगळ

कुसुम मुजुमदार यांना उज्जैनचं सगळं फ्रीगंज अक्का म्हणत असे. त्यांच्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. ज्यांना लिहिता येतं त्यांना जीपमधलं कळत नाही. मला दोन्ही बेताचंच, पण त्या रविवारी मी मागच्या सीटवर होतो.

अक्कांनी शाळेत जन्मभर पीटी शिकवली. त्यांना शिट्टीची गरज पडत नसे. यजमान गेले तेव्हा घट्टिया गावाच्या पुढची काळ्या मातीतली शेती आणि तिथवर पोचणारी एक जुनी जीप मागे राहिली. अक्का रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात जीप शिकल्या. शिकवणाऱ्याने नंतर चिंतामण गणपतीला नारळ फोडला म्हणतात.

त्या वर्षांत टावर चौकात कोणाची ना कोणाची नवी मोटार पेढे वाटत उभी असायची. अक्कांनी नवी मोटार घेतली नाही. त्यांनी जुन्या जीपमध्ये नवं डिझेल इंजिन टाकलं आणि समोर नवा मीटरबोर्ड लावून घेतला. बोर्डावर तीन लाल दिवे होते, चार्जिंगचा, ऑइलचा आणि ब्रेकचा. जुन्या बोर्डाला असली कौतुकं नव्हती. काही बिघडलं की जीप सरळ बंद पडायची आणि मग सगळ्यांना कळायचं.

अक्कांचे दीर बापू शेजारच्याच खोल्यांत राहत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते पत्रिका बघत आणि ज्यांनी मागितल्या नाहीत त्यांच्याही बघत. शेती बटाईने, म्हणजे वाट्याने कसायला, देऊन टाकावी आणि वहिनींनी घरी बसावं, असं त्यांचं मत होतं. दिवाळीनंतर एकदा जेवताना ते म्हणाले, "वहिनी, या रविवारी मी येतो शेतावर. जीप नीट गेली आणि नीट आली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. रस्त्यात बंद पडली, तर सोमवारी बटाईदाराला बोलावतो."

"तोंड उघडणार नाही, हे यांच्यासमोर म्हणा," पंक्तीला बसलेल्या माझ्याकडे, म्हणजे आपल्या भाडेकरूकडे, बोट दाखवून अक्का म्हणाल्या. म्हणजे माझंही जाणं ठरलं.

त्यानंतर बोर्डावरचे दिवे लागायला लागले. उभ्या जीपमध्ये काही नाही. खड्डा आला की ऑइलचा दिवा लागे, दुसऱ्या खड्ड्यात ब्रेकचा. हॉर्न वाजवला की तिन्ही एकदम. अक्का आगर नाक्यावरच्या वायरिंगवाल्याकडे गेल्या. त्याने दिव्यांमागच्या वायरी हलवून पाहिल्या, एक फ्यूज बदलला आणि चहा मागवला.

"माँजी, बल्ब ही निकाल देते हैं. न दिखेगा, न सताएगा."

"मग माझे डोळेच काढ ना," अक्का म्हणाल्या, "गाडीच दिसायला नको."

घरी ऑइल मोजलं, ते पुरेसं होतं. ब्रेक लागत होते. बॅटरी ताजी होती. अक्कांनी एक बल्ब आणि दोन वायरींचा तपासदिवा करून पर्समध्ये ठेवला आणि दिवसभर जीपखाली लोळल्या. दोष सापडला नाही, कारण उभी असताना जीप अगदी गुणी मुलासारखी वागत होती.

बापूंना मात्र दोष लगेच सापडला. "लाल रंग. तिन्ही दिवे लाल. वहिनी, हा मंगळ आहे."

उज्जैनमध्ये मंगळ शांत करतात तो मंगळनाथाच्या देवळात, पिंडीला दहीभाताने लिंपून. बापू तिथे जाऊन भातपूजा करून आले आणि प्रसादाचा दहीभात घेऊन आले. जीप बंद पडावी अशी त्यांची इच्छा होती, पण तिचा मंगळ अशांत राहावा हे त्यांना पटेना. शनिवारी अक्का बाजारात गेल्या असताना त्यांनी बॉनेट उघडलं आणि दसऱ्याला जिथे ते पूजा करत त्याच जागी दहीभात थापला. बम्परला ताजं लिंबू-मिरची बांधलं ते वेगळं.

रविवारी निघालो. घट्टियापर्यंत दिवे लुकलुकत होते. कच्चा रस्ता लागला तसे तिन्ही लागले आणि लागलेलेच राहिले. शेतांना पाणी सोडलेलं, माती लोण्यासारखी. नाल्याच्या चढावर जीप गचकली आणि बंद पडली. अक्कांनी किल्ली फिरवली. टक्. दिवे मंद झाले, बाकी काही नाही.

बापूंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आकाशाकडे पाहिलं. "घट्टियाहून परतीची, नानाखेड्याची बस मिळेल बहुतेक."

"तुम्ही व्हा पुढे, चिखलातून," अक्का म्हणाल्या. बापूंनी आपल्या पांढऱ्या धोतराकडे पाहिलं आणि ते जागेवर बसून राहिले.

अक्कांनी बॉनेट उघडलं, पर्समधून तपासदिवा काढला. एक वायर बॅटरीच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला. बल्ब झगझगीत. मग तीच दुसरी वायर त्यांनी जीपच्या लोखंडाला लावली. बल्ब विझल्यासारखा.

"म्हणजे बॅटरी आहे, गाडी आहे, आणि दोघांचं बोलणं बंद आहे," त्या म्हणाल्या. "बॅटरीतून ही जाड पट्टी निघते, सगळ्या दिव्यांची वीज परतते ती हिच्यातूनच. जाते कुठे?"

पट्टी एका ढिगात शिरत होती. वरती दहीभात, खाली शेंदूर, त्याखाली तेलात कालवलेलं हळदकुंकू, त्याखाली अक्षता, वर्षानुवर्षांच्या दसऱ्यांच्या थरांसकट.

"बापू, इथेच का हो दरवेळी?"

"सपाट जागा तेवढीच आहे, वहिनी. आणि तो बोल्ट मूर्तीसारखा वाटतो."

अक्कांनी मूर्ती पान्याने उकरली. आत पितळी बोल्ट निघाला, हिरवागार गंजलेला. त्या बम्परकडे गेल्या आणि त्यांनी लिंबू ओढून काढलं.

"ते कालच बांधलंय," बापू म्हणाले. "उतरवायचं नसतं."

"उतरवत नाहीये, कामाला लावतेय."

लिंबाचा रस, चिमूटभर माती, साडीच्या पदराचं टोक. बोल्ट चमकला, पट्टी आवळून बसली. अक्कांनी किल्ली फिरवली आणि जीप अशी सुरू झाली की नाल्यातले बगळे उडाले. तिन्ही दिवे विझले.

शेतावर पोचलो. अक्कांनी हरभऱ्याची पेरणी पाहिली, गड्याला झापलं, आणि आम्ही दिवेलागणीच्या आत घरी आलो. बटाईदाराला निरोप गेला नाही.

तोंड न उघडण्याचं मात्र बापूंना जमलं नाही. सोमवारी सगळ्या गल्लीला ते सांगत होते, "मंगळ मोठा कडक होता, पण माझं लिंबू उपयोगी पडलं."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या जीपमध्ये खताची पोती टाकत होत्या.

"सांगू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "शेती बटाईने द्या असं तर म्हणत नाहीत ना."

पुढच्या दसऱ्याला बापू पंचपात्र घेऊन आले, तेव्हा अक्कांनी बॉनेटला कुलूप लावलं होतं आणि मागच्या बम्परवर खडूने एक गोल काढून ठेवला होता.