सडकेवर चढलेली पहिली बैलगाडी

नगरहून तिसगावची मोटार सुटली ती धूर ओकतच. लढाईमुळे पेट्रोल दुर्मीळ, म्हणून मागे कोळशाची भट्टी बसवलेली. करंजीचा डोंगर चढताना तिचा दम गेला आणि आम्ही उतारू खाली उतरून ढकलू लागलो. तिकीट काढून वर मोटार ढकलण्याचा मान आपल्याच जिल्ह्यात मिळत असेल!

घाट संपताच नवी खडीची सडक लागली. दुष्काळी कामावर तिसगावच्या बायकामाणसांनी खडी फोडून केलेली. मोटार तिच्यावरून सरळ धावू लागली आणि माझी छाती उगाचच फुगली. पण एक गंमत दिसली. सडक मोकळी, आणि बैलगाड्या मात्र कडेच्या खड्ड्यांतून हेलकावे खात चाललेल्या.

तिसगावात बहिणीकडे शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्शात शिजवलेले तुकडे) भरपेट खाल्ले. परतायच्या दिवशी मोटार रुसून बसली. शेजारचे धोंडिबा पानमळ्यातली विड्याची पानं घेऊन नगरच्या बाजाराला निघाले होते, त्यांच्या गाडीत मला जागा मिळाली. सोबत त्यांची बायको गंगूबाई. तिच्या पायाशी खडी फोडायचा हातोडा होता.

ही गाडीसुद्धा कडेच्या खड्ड्यांतूनच निघाली. मला राहवेना. "अहो, एवढी सडक सोडून इकडून कशाला?"

"धाव (चाकाची लोखंडी पट्टी) लागली का खडी उखडती, मास्तर," गंगूबाई म्हणाली. "आमी हातानं फोडलीया ती. मोटारीसाठी हाय. गावानं ठरवलंय, गाडी न्हाई घालायची."

"मग सडक काय पूजेला केलीत?"

धोंडिबा हसले, ती हसली नाही. तेवढ्यात गाडीला जोराचा हिसका बसला आणि पानांची पाटी माझ्या अंगावर आली.

"ही शेवटची खेप," धोंडिबा पाटी सावरत म्हणाले. "दर बारीला नगर गाठस्तवर निम्मी पानं काळी पडत्यात. घरी गेलो का वेल उपटतो अन् बाजरी पेरतो."

मला फार वाईट वाटलं. दिवसभर खडी फोडून संध्याकाळी डोक्यावरून पाणी वाहायचं, अशा रीतीनं गंगूबाईनं त्या दुष्काळात हे वेल जगवले होते. बहिणीनं मला सांगितलं होतं.

"थांबवा गाडी," गंगूबाई म्हणाली. खाली उतरली. सडकेला हात लावून कपाळाला लावला आणि बैलांचा कासरा धरून गाडी स्वतःच वर चढवली.

"अगं, गाव काय म्हनंल?" धोंडिबा घाबरून म्हणाले.

"उखडली तर पुन्यांदा बसवीन. हातोडा कशाला घेतलाय?"

आता गाडी अशी एकसारखी चालली की मी बसल्या बसल्या झोपलो. जागा झालो तेव्हा घाट मागे पडला होता. नगरच्या बाजारात सकाळी व्यापाऱ्यानं पाटी उघडली, पान उचललं, पुन्हा दुसरं उचललं. सगळी हिरवीगार.

"आज तोडली काय हो?" त्यानं विचारलं.

धोंडिबांनी गंगूबाईकडे पाहिलं. "औंदा आनखी चार वाफं लावावं म्हनतो," ते हळूच म्हणाले.

मी घरी आलो तो तिनं दिलेली पानं घेऊन. पुढं बहिणीचा निरोप आला. आता साऱ्या गाड्या सडकेवरूनच जातात. तिसगावची पानंच नव्हे, अंडी आणि भाजीही नगरला ताजी पोचते. फक्त वाटेत खडी उखडलेली दिसली की गाडीवानानं उतरून ती ठोकून बसवायची, असं गावानं नव्यानं ठरवलंय. हातोडा प्रत्येकाच्या गाडीत असतो.

त्या सडकेवर चढलेल्या पहिल्या बैलगाडीत मी होतो, हे मी भेटेल त्याला सांगतो. झोपलो होतो, हे मात्र सांगत नाही.