आतल्या दोरीवरचा युनिफॉर्म

आमच्या घरात कामाचा मान एका साध्या हिशेबाने ठरायचा. काम माणसाच्या अंगापासून जितकं लांब, तितकं ते वरचं. म्हणून कागदाचं काम सगळ्यात श्रेष्ठ. पूर्वज दख्खनमधून ग्वाल्हेरला आले ते फौजेबरोबर, पण हातात बोरू घेऊन. दरबारच्या दफ्तरात बसले, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या कुठल्या ना कुठल्या दफ्तरातच बसत गेल्या. बाबा बँकेत होते. काका लेखा कार्यालयात. चुलतभाऊ संगणकापुढे बसतो, म्हणजे तेही दफ्तरच. डॉक्टर अंगाला हात लावतो खरा, पण घटकाभर, आणि लगेच हात धुऊन कागदावर लिहितो, म्हणून त्याला आम्ही सोवळ्यात घेतलं होतं. मी मात्र नर्स झाले.

डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून नर्सिंगला प्रवेश घेतला, तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक आहे, तात्पुरतं कर." ते तात्पुरतं संपेना. पदवी झाली, नोकरी लागली, हाताखाली नव्या मुली आल्या, तरी बाबांच्या मते मी अजून कशाची तरी वाट पाहत होते. कोणी विचारलं, मुलगी काय करते, की ते म्हणायचे, "मेडिकल लाइनमध्ये आहे," आणि पाठोपाठ समोरच्याच्या गुडघ्याची चौकशी करायचे. समोरचाही समजूतदारपणे गुडघ्याबद्दल बोलायचा. माधवगंजातल्या आमच्या मंडळींना कोणाचा मुलगा कोणाबरोबर पळाला, कोणाच्या घरी कोणती बाटली येते, हे सगळं ठाऊक असतं. फक्त मी काय करते हे त्यांना ठाऊक नव्हतं. कमालीचे सभ्य लोक.

मी ड्यूटीला सलवार-कमीज घालून निघायची. युनिफॉर्म पिशवीत. घरी आल्यावर तो धुवायचा आणि बाथरूममधल्या दोरीवर वाळत घालायचा. वर अख्खी गच्ची मोकळी, ग्वाल्हेरचं ऊन असं की पापड बघता बघता कडक होतो, पण गच्चीवर युनिफॉर्म न्यायचा नाही. कारण गल्लीच्या पलीकडे, समोरच्या गॅलरीत, एक निवृत्त आजोबा दिवसभर खुर्ची टाकून बसलेले असायचे. त्यांना दिसायचं सगळं आणि ऐकू काही यायचं नाही. कानाचं यंत्र होतं, पण सेल संपतो म्हणून ते कपाटात ठेवलेलं.

पावसाळ्यात युनिफॉर्म वाळायचा नाही. कुबट वास यायचा. ओलसर कॉलर मानेला चिकटवून मी कितीदा वॉर्डात उभी राहिले आहे. बाबांना म्हणायची, "बाबा, आज ऊन पडलंय. वर टाकू का?"

"समोर ते बसून राहिले आहेत ना. चांगलं नाही लागत."

वाद तिथेच संपायचा. चांगलं न लागणं याच्यावर आमच्याकडे अपील नाही.

लग्नाच्या माहितीपत्रकात मी 'वैद्यकीय क्षेत्रात कार्यरत' होते. एकदा बघायला आलेल्या मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, "क्लिनिक कुठेशी?" मी सांगितलं, "क्लिनिक नाही, बिर्ला नगरच्या हॉस्पिटलात नर्स आहे." बाईंनी पोह्यांची बशी अर्ध्यावरच खाली ठेवली. पोहे मीच केले होते.

बिर्ला नगर हे बाबांना दुसरं दुखणं. तिथे गिरणीचे कामगार राहायचे. गिरणी गेली, कामगार म्हातारे होऊन तिथेच राहिले आणि खोकत आमच्या हॉस्पिटलात येऊ लागले. ते मला सिस्टर म्हणायचे आणि बिनदिक्कत म्हणायचे. एकदा बाजारात त्यांच्यातल्या एकाने लांबून हाक मारली, "सिस्टर जी, राम राम! अब साँस ठीक है!" बाबा बरोबर होते. त्यांनी वाकून स्वतःच्या चपलेचा अंगठा तपासायला घेतला. चप्पल नवी होती.

मग मी जर्मन शिकायला लागले. कोणाला सांगितलं नाही. ड्यूटीवरून आलं की मोबाइलवर वर्ग, तोंड वाकडं करून उच्चार. दिल्लीला जाऊन परीक्षा दिली, एकदा नापास झाले, परत दिली. पदवी जर्मनीत मान्य करून घेतली. तिकडच्या एका हॉस्पिटलाला नर्स हवी होती, आणि ते नर्सच म्हणत होते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळाने बदलता? असा प्रश्न मला आजवर घरात कोणी विचारला नव्हता.

नोकरी पक्की झाल्यावरच घरी सांगितलं. व्हिसाचा कागद आला तो बाबांनी चष्मा लावून वाचला. कागदाचं काम, त्यांच्याच आवडीचं. एका ओळीवर बोट थांबलं.

"स्किल्ड वर्कर? वर्कर कशाला लिहिलंय यांनी?"

"तसाच व्हिसा असतो बाबा. कुशल कामगार."

"आपल्याकडे आजपर्यंत कामगार कोणी नाही झालं. वर्कर तर बिर्ला नगरला असतात."

"मी पण रोज तिथेच असते," मी म्हटलं. आईला हसू आलं, म्हणून ती दूध बघायला आत गेली.

पण कागदावर जर्मनी हा शब्दही होता, आणि तो गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. काही दिवसांतच आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राचार्य, घरी आले. इतकी वर्षं रस्त्यात दिसले की मान किंचित हलवून पुढे जाणारे हे गृहस्थ आता सोफ्यावर पुढे सरकून बसले. "समाजाची लेक सातासमुद्रापार निघाली. सत्कार तर व्हायलाच पाहिजे!" आमच्या मंडळाचं हे बरं आहे. जो ग्वाल्हेर सोडतो त्याला शाल, जो इथेच राहतो त्याला वर्गणीची पावती.

मी नाहीच म्हणणार होते. पण मंडळाची एक रीत आहे. सत्कार ज्याचा, त्याचा परिचय घरच्या वडीलधाऱ्याने व्यासपीठावर उभं राहून करून द्यायचा. म्हणजे बाबांना माईकपुढे उभं राहून सगळ्यांना सांगावं लागणार होतं, माझी मुलगी काय आहे. त्या एका गोष्टीसाठी मी हो म्हटलं. शाल नको होती, नारळ नको होता. मला बाबांच्या तोंडून तो शब्द ऐकायचा होता, जायच्या आधी, एकदाच.

"बाबा, परिचयात नर्स लिहा हं."

"लिहितो ग. सगळं लिहितो."

आठवडाभर ते लिहीत होते. आईला वाचून दाखवायचे, मी आले की कागद उलटा ठेवायचे. मला वाटलं, संकोचतायत. मला आशा वाटायला लागली, हा माझा मूर्खपणा.

समारंभ जयेंद्रगंजच्या हॉलमध्ये झाला. मे महिना, पंखे गरम हवा ढवळत होते. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रास्ताविकावर थोडं प्रास्ताविक, आणि मग बाबा उठले. कोट घातला होता. त्यांनी सुरुवात केली ती दख्खनपासून. कोणते पूर्वज कोणाबरोबर आले, कोणत्या दफ्तरात बसले, त्यांच्या अक्षराची दरबारात कशी तारीफ झाली. मग खापरपणजोबा, मग पणजोबा, मग पणजोबांची पगडी. हळूहळू पिढ्या उतरत बाबा माझ्यापर्यंत आले तेव्हा त्यांचा कागद संपत आला होता. "त्याच घराण्यातली माझी कन्या," त्यांनी चष्मा वर सरकवला. "वैद्यकीय सेवेच्या उच्च क्षेत्रात, जर्मनीसारख्या प्रगत राष्ट्रात, आपलं योगदान देण्यासाठी प्रस्थान करीत आहे." टाळ्या पडल्या. बाबांनी कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता खाली बसले.

मला लोकरीची शाल घातली. त्या उकाड्यात लोकरीची. नारळ दिला. किल्ल्याचं चित्र कोरलेलं स्मृतिचिन्ह दिलं. आणि मग सत्काराला उत्तर द्यायला सांगितलं.

मी घरून चार ओळी पाठ करून आले होते, त्या विसरले. म्हटलं, "मी नर्स आहे. बिर्ला नगरच्या हॉस्पिटलात नर्स आहे, जर्मनीतही नर्सच असणार आहे. तिथे म्हातारी माणसं फार आणि त्यांचं करणारं कोणी नाही, म्हणून त्यांनी मला बोलावलंय. मी त्यांना आंघोळ घालणार, भरवणार, कूस बदलणार, बेडपॅन देणार आणि काढणार. इथेही हेच करत आले. तेव्हा तुम्ही कोणी विचारलं नाही."

पहिल्या रांगेतल्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्या खुर्चीवरच्या नारळाकडे बघत होते. चला, मला वाटलं, निदान बोलून तर झालं, आता कोणीतरी रागावेल.

कोणी रागावलं नाही. आभार मानायला अध्यक्ष स्वतः उठले. भारावलेल्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? केवढा हा विनय! एवढं यश मिळूनही स्वतःला एक साधी नर्स म्हणवून घेते! विद्या विनयेन शोभते, ते हेच!" हॉल टाळ्यांनी दणाणला. बाबांसाठी वाजल्या त्याहून जास्त. एका म्हातारबुवांनी डोळे पुसले. मी खरं सांगितलं होतं आणि या लोकांनी ते माझा नम्रपणा म्हणून खिशात घातलं. त्यांच्यापुढे कोणाचं काय चालणार?

खाली चहाच्या वेळी बायकांनी मला घेरलं. कोर्स किती वर्षांचा, भाषा कठीण आहे का, आमच्या छोटीला पाठवायचं आहे. पोह्यांची बशी खाली ठेवणाऱ्या बाईही होत्या, त्यांना पुतणीसाठी हवं होतं. ती पुतणी शेजारीच उभी होती. तिने विचारलं, "ताई, पण तिकडे नर्सिंग म्हणजे अलग असतं ना? मतलब, वहाँ तो सब मशीन से होता होगा?"

"नाही," मी म्हटलं, "तिकडेही माणसाला ढुंगण असतं." तीही विनयाचाच भाग समजून हसली.

रिक्षातून घरी येताना मी बाबांना विचारलं, "एकच शब्द होता बाबा. जीभ अडली का?"

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "लोकांना सगळं माहीत असतं ग. बोलून दाखवायची काय जरूरत?"

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. जायचे दिवस जवळ आले, आईने मेतकूट केलं, लाडू बांधले, माझ्या बॅगेत जागेवरून तिची नि माझी भांडणं झाली. बाबा मध्येच येऊन पासपोर्ट ठेवलास ना विचारायचे, मी मान हलवायची. मला वाईट वाटत होतं, पण रागाला धरून राहणं सोपं होतं. हाच राग घेऊन विमानात बसायचं, असं मी ठरवलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी माझी बिर्ला नगरची शेवटची ड्यूटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने युनिफॉर्म धुतला आणि बाथरूममधल्या दोरीवर टाकला. तो बरोबर न्यायचा नव्हताच. तिकडे हॉस्पिटलच कपडे देतं आणि हॉस्पिटलच धुतं. संध्याकाळी दिल्लीची गाडी होती. दुपारी हात धुवायला गेले तर दोरी रिकामी. आईने उचलला असेल म्हणून मी तिला विचारणार, तेवढ्यात गच्चीवरून बाबांचं ओरडणं ऐकू आलं. पडलेबिडले की काय म्हणून मी जिना चढले.

बाबा गल्लीच्या बाजूच्या दोरीशी उभे होते. युनिफॉर्म टाकून झाला होता, आणि ते कॉलर बाहेर ओढून तिला चिमटा लावत होते. समोरच्या गॅलरीत आजोबांनी कानाशी हात धरला होता.

"कोणाचा म्हणता?" आजोबा.

"मुलीचा! नर्स आहे ती!"

"काय आहे?"

"नर्स!" बाबा कठड्याला धरून पुढे वाकले. "नर्स! बिर्ला नगरच्या हॉस्पिटलात नर्स आहे!"

खाली भाजीच्या ठेल्याशी उभ्या असलेल्या बायकांनी वर पाहिलं. इस्त्रीवाल्याने पाहिलं. पलीकडच्या घराची खिडकी उघडली. आजोबांना ऐकू आलं की नाही कोण जाणे, त्यांनी हात हलवला. बाबांनी जर्मनीचं नाव घेतलं नाही.

मी जिन्याच्या दारातच थांबले. रडू नंतर आलं, आधी रागच आला. हॉल होता, माईक होता, तेव्हा नाही, आणि आता एका बहिऱ्या माणसापुढे. बाबा वळले, मला पाहिलं, आणि हातातला उरलेला चिमटा खिशात ठेवला.

"इथे ऊन चांगलं आहे ग," ते म्हणाले. "लगेच वाळतं."

हेच मी त्यांना कितीतरी पावसाळे सांगत होते.