केळव्याला काहीच न करण्याचा बेत

उत्कर्षाताईंचा पाय मोडला होता तेव्हाची गोष्ट बोईसरला आमच्या ओळखीत सगळ्यांना माहीत आहे. उजव्या पायाला प्लास्टर होतं आणि पलंगावरून उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईंनी शिलाई मशीनचं पेडल डावीकडे सरकवून घेतलं, मशीन पलंगाला लावून घेतलं आणि प्लास्टर निघेपर्यंत डाव्या पायाने हातमोजे शिवले. विचारलं तर म्हणायच्या, "दुसरा पाय रिकामाच होता ना."

त्या मूळच्या यावलकडच्या. लग्न होऊन बोईसरला आल्या, कारण प्रदीपभाऊ इथे एका कारखान्यात ऑपरेटर. भाऊंचे हातमोजे आठवड्याभरात बोटांच्या बेचक्यात उसवायचे. एकदा ताईंनी तो मोजा पुरता उसवला, कुठे ताण येतो ते पाहिलं आणि जुन्या जीन्सच्या कापडाचा नवा शिवून दिला. भाऊ तो घालून कामावर गेले, तर शेजारच्या मशीनवरच्या माणसाने विचारलं, "कुठून घेतलास?" धंदा तिथून सुरू झाला. आज एमआयडीसीच्या कडेला त्यांचा भाड्याचा गाळा आहे आणि आठ बायका शिवायला आहेत. सगळ्यात आधी गाळा उघडणार ताई, सगळ्यात शेवटी कुलूप लावणार ताई. सुट्टी हा शब्द त्या फक्त शाळेच्या बाबतीत वापरायच्या.

मी तेजल. स्टेशनजवळ माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमचा पाच जणींचा एक गट आहे, आणि पाचही जणींचा स्वतःचा धंदा. ताई आणि मी धरून दोघी झालो. तिसरी दीपा, तिचं ब्यूटी पार्लर. चौथ्या साखरबाई, बीडकडच्या, नाक्यावर त्यांचं भाकरी केंद्र. पाचवी ठमी. ती मनोरच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावर राहते, मोगरा लावते आणि कळ्या पालघरच्या बाजारात आणते. महिन्यातून एकदा आम्ही माझ्या दुकानात जमतो. कोणाचं गिऱ्हाईक तुटलं, कोणाला माणूस हवंय, वीज किती वेळ गेली, अशाच गप्पा असतात.

डिसेंबरातल्या अशाच एका बैठकीत दीपा खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "कुठेतरी समुद्रावर जाऊन दोन दिवस नुसतं पडून राहावंसं वाटतंय."

"नुसतं म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"नुसतं म्हणजे नुसतं. काही करायचं नाही."

असं आम्ही आधीही बोललो होतो. बोलायचं, हसायचं आणि चहा संपवून आपापल्या दुकानात जायचं. पण त्या दिवशी ताई हसल्या नाहीत. एखादी मोठी ऑर्डर ऐकावी तशी मान तिरकी करून त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी?"

दीपा खुर्चीत ताठ बसली. "कधी" असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"पौषात जाऊ," त्याच म्हणाल्या. "पौषात लग्नं नसतात, दीपाचं पार्लर थंड असतं. ठमीचा मोगराही तेव्हा फुललेला नसतो. केळव्याला जाऊ, जवळ आहे. मी बघते सगळं."

ताई "मी बघते" म्हणाल्या की ते होतं. दुसऱ्याच दिवशी त्या साखरबाईंच्या घरी पोचल्या, कारण खरी अडचण तिथे होती. साखरबाई म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं बाई. दोन दिवस भाकरी कोण थापील?" त्यांचे यजमान चंद्रभानराव बाजूला बसून लसूण सोलत होते. ताई त्यांच्याकडे वळल्या.

"भाऊ, तुम्ही पीठ मळता ना रोज?"

"मळतो की."

"मग थापत का नाही?"

चंद्रभानरावांनी लसूण बाजूला ठेवला. "कोणी म्हणलंच न्हाई कधी," ते म्हणाले.

पुढचा आठवडाभर ते रोज दुपारी सराव करत होते. त्या दिवसांत नाक्यावर जेवणाऱ्यांना जिल्ह्याच्या नकाशासारख्या भाकरी मिळाल्या. पण शेवटी भाकरी गोल झाली आणि फुगलीसुद्धा. साखरबाईंनी त्या भाकरीचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "येते."

तिथून सगळ्यांच्या अंगात आलं. दीपाने सगळ्यांसाठी उन्हाच्या, रुंद काठाच्या टोप्या आणल्या. साखरबाईंनी बाजारातून काळा चष्मा घेतला आणि तो घालूनच गल्ल्यावर बसायला लागल्या. ठमीच्या पाड्यावर रेंज नसते, तर ती संध्याकाळी टेकडीवर चढून फोन करायची, "काय काय ठरला ग?" मी चाळिशीची बाई, पण दुकानात फ्लेक्स छापत असताना मध्येच मला नुसतं हसू यायचं. गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं? काय सांगणार?

एका सकाळी ताई स्कूटर घेऊन दुकानासमोर उभ्या. "बस मागे. जागा बघून येऊ."

पालघर, मग तिथलं माहीम गाव करत आम्ही केळव्याला गेलो. नारळ-पोफळीच्या वाडीत धर्माजी राऊत म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. घराच्या वरच्या खोल्या ते पाहुण्यांना देतात, स्वयंपाक त्यांची सून करते. ताईंनी गाद्या दाबून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या. रात्री कुत्री भुंकतात का, डास किती, जेवणात तिखट कमी करता येईल का, घोडागाडी दारापर्यंत येते का, सगळं विचारलं. धर्माजी शांतपणे उत्तरं देत होते. शेवटी ताईंनी विचारलं, "दुपारी झोप लागते का इथे?"

"मला लागते," धर्माजी म्हणाले. "तुमची तुमी बगा."

वाडीत दोन माडांना एक झोळी बांधलेली होती. तपासायची म्हणून ताई तिच्यात आडव्या झाल्या. मला वाटलं, आता जरा पडतील. पण क्षणात उठल्या आणि म्हणाल्या, "पाच जणींना एक कशी पुरेल?" धर्माजींनी आणखी एक बांधायचं कबूल केलं. आम्ही निघालो तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमी नुसत्या या. बाकी सगला हाय."

जायचं ठरलं होतं शनिवारी. गुरुवारी संध्याकाळी आम्ही टोप्या घालून बघायला ताईंच्या गाळ्यात जमलो होतो. ठमी तेवढी नव्हती. ताईंच्या डोक्यावर पिवळी टोपी होती आणि फोन वाजला. एका कंपनीत खरेदी बघणारे शैलेश म्हणून होते, त्यांचा. ताईंचे हात कामात असले की त्या फोन स्पीकरवर टाकतात, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं. बाहेरची माणसं तपासणीला येणार होती आणि हातमोज्यांचा सगळा माल सोमवारी सकाळी हवा होता.

दीपाने हळूच स्वतःची टोपी काढून टेबलावर ठेवली. आम्हाला कळलंच. आजवर असा फोन आला की ताई शनिवार-रविवार एकट्या बसून शिवायच्या. साखरबाईंनी चष्मा पदराने पुसून पिशवीत घातला.

ताईंनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मग म्हणाल्या, "सर, शनिवार-रविवार मी नाही."

"नाही म्हणजे?"

"केळव्याला चाललेय. मैत्रिणींबरोबर."

पलीकडून काळजीचा आवाज आला, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

"एकदम छान आहे. म्हणूनच चाललेय."

"असं." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मग सोमवारी संध्याकाळपर्यंत जमेल? माणसं तशी मंगळवारीच येणार आहेत."

"जमेल."

फोन बंद झाला. ताई त्या पिवळ्या टोपीत तशाच बसून राहिल्या. "मंगळवारी," त्या म्हणाल्या. "ऐकलंत ना? मंगळवारी येणार आहेत. आणि माल सोमवारी सकाळी मागत होते. इतकी वर्षं असंच असेल का गं?"

मग त्यांना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की मशीनवरच्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. दीपाने टोपी परत डोक्यावर चढवली.

ठमी शुक्रवारीच माझ्याकडे मुक्कामाला आली. शनिवारी उजाडता उजाडता आमची भाड्याची गाडी निघाली. पाच टोप्या, खाऊचे डबे आणि पुढच्या सीटवर ताई. गाडी सुटताच त्यांनी नियम सांगितला, "धंद्याचं अवाक्षर काढायचं नाही. जी काढेल ती गाणं म्हणेल." पालघर यायच्या आतच साखरबाईंची तीन गाणी झाली. तिसऱ्यापासून त्या मुद्दामच ज्वारीच्या भावाचं काढायला लागल्या.

ठमी खिडकीशी होती. मी विचारलं, "समुद्र पाहिलायस ना?"

"लांबून पायलाय," ती म्हणाली. "बाजारात येते, कळ्या देते, मागं फिरते. समुद्राकं माझा काय काम?"

ताईंचा बेत पक्का होता. पोचलं की चहा, चहा झाला की समुद्रात, मग आंघोळी, जेवण आणि झोप. चहा घेऊन आम्ही सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर आलो, साड्या खोचलेल्या, ड्रेस दुमडलेले. आणि समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण पार लांब, एका पांढऱ्या रेघेएवढा. मध्ये नुसती ओली वाळू पसरलेली.

"कुठे गेला?" दीपा म्हणाली.

ओहोटी होती. भरती-ओहोटी असते हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण ताईंनी धर्माजींना शंभर प्रश्न विचारले, त्यात हा एकच राहून गेला होता. त्या किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बेत पहिल्याच घासाला अडकला होता, आणि पुढचं काय ते त्यांना सुचेना.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," दीपा म्हणाली. "त्याच्यासाठीच आलोय ना आपण?"

ठमी तेवढ्यात वाळूवर बसली, बसल्याबसल्या आडवी झाली आणि टोपी तोंडावर घेऊन घोरायलासुद्धा लागली. साखरबाईंनी बोटाने वाळूत लंगडीची चौकट आखली. पन्नाशी उलटलेली ती बाई अशी लंगडी खेळली की शेजारी पतंग उडवणारी पोरं थांबून बघत राहिली. मी आउट झाले, दीपा आउट झाली. ताई आधी पंच होत्या. मग पंचांनाच राहवेना. साडीचा काष्टा मारून त्या चौकटीत उतरल्या.

जेवायला उकडहंडी होती. मडक्यात वालाच्या शेंगा आणि कंद वाफवून करतात ती, पौषातच मिळते. आम्ही हात चाटून खाल्ली. मग झोळ्यांत, ओसरीवर, जिला जिथे जागा मिळाली तिथे झोपलो. धर्माजी म्हणाले होते तसंच झालं. झोप लागली, चांगली लागली.

उन्हं उतरली तेव्हा त्यांची सून हाक मारत आली, "चला, पानी आलाय."

आम्ही पळतच गेलो. सकाळची ती सगळी वाळू गायब होती आणि लाटा सुरूच्या झाडांजवळ येऊन फुटत होत्या. दीपा सरळ आत घुसली. ताई मात्र खाली वाकून आमच्या चपला गोळा करायला लागल्या. फोन, चष्मे, पर्स, सगळं एका पिशवीत घेऊन त्या मागे उभ्या राहिल्या. "जा तुम्ही, मी सांभाळते," म्हणाल्या. तेव्हा मला आठवलं की दर वर्षी गणपती विसर्जनाला त्या अशाच उभ्या असतात. सगळं घर पाण्यात, आणि त्या काठावर सगळ्यांच्या चपला धरून. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहून त्यांचा पाय घोट्याच्या वर भिजला नव्हता.

ठमी मागे फिरली. तिने ताईंच्या हातातून पिशवी घेतली आणि एका सुरूच्या बुंध्याला अडकवली. "ती कुठं पलत नाय," ती म्हणाली. "मीपण पयल्यांदाच जाते. मला भ्या वाटते. चला संगं."

दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून निघाल्या. पाणी घोट्याला लागलं तशा थांबल्या. गुडघ्याला आलं तशा पुन्हा थांबल्या. मग एक मोठी लाट आली, दोघींना तिने खाली बसवलं आणि डोक्यावरून गेली. आम्ही धावलो. ताई पाण्यातून वर आल्या, केस तोंडावर, नाकातोंडात खारं पाणी. मला वाटलं, आता घाबरून बाहेर पडतील. त्यांनी तोंडावरचे केस बाजूला केले, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अजून एक येऊ दे."

अंधार पडेपर्यंत त्यांना बाहेर काढणं आम्हाला जमलं नाही. धर्माजी कंदील घेऊन किनाऱ्यावर आले आणि म्हणाले, "जेवान थंड होते." तेव्हा कुठे त्या निघाल्या. साडीत निम्मा किनारा भरून आणला होता. जेवताना त्या पहिल्यांदाच आम्हाला सांगत होत्या, लहानपणी तापीच्या काठावर मुलं सूर मारायची आणि मुलींना आई काठावर कपडे राखायला बसवायची. सांगताना आवाजात तक्रार नव्हती. पोळीचा तुकडा हातात तसाच राहिला होता आणि डोळे चमकत होते.

रविवारी रात्री आम्ही परतलो, सोमवारी दिवसभर गाळ्यात सगळी मशीन चालली आणि संध्याकाळी माल वेळेवर पोचला. सहलीची बातमी पसरायला वेळ लागला नाही. पालघरच्या एका बचत गटाने विचारलं, आमचीही सहल ठरवून द्याल का? मग दोन कंपन्यांतून विचारणा आली. दीपा म्हणाली, ताई, हा तर नवा धंदाच झाला, सुरू करा. ताईंनी सगळ्यांना धर्माजींचा नंबर दिला आणि सांगितलं, भरतीची वेळ विचारून जा. धंदा मात्र करायचा नाही, म्हणाल्या. एक गोष्ट अशीच राहू दे.

त्याऐवजी त्यांनी भलतंच काही केलं. पालघरला बायकांसाठी पोहण्याचा वर्ग भरतो, तिथे नाव घातलं. आता आठवड्यातल्या तीन सकाळी गाळा त्यांच्याकडची जुनी बाई उघडते आणि ताई स्कूटरने पोहायला जातात. मागच्या बुधवारी त्यांनी पहिल्यांदा काठ सोडला. मला हे त्या दिवशी सोबत गेलेल्या प्रदीपभाऊंनी तिथूनच फोन करून सांगितलं, कारण ताईंचे हात अजून ओले होते.