तोंड एकीचं, हात दुसरीचे

सरांनी माझा फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि वर्गाला विचारलं, "यात काय बिघडलंय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, माणूसच."

वर्ग हसला. सर हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तेवढं एक मला न शिकवता यायचं.

बावधनला नव्या बिल्डिंगीत डिजिटल फोटोग्राफीचा क्लास होता. मी मुठा खोऱ्यातून एसटीनं यायचो. फळ्यावर कामाचा क्रम लिहिलेला. कार्डातून फोटो उतरवा, मूळ फाईल बाजूला ठेवा, कॉपीवर रंग दुरुस्त करा, चेहरा उजळा, प्रिंट काढा. 'चेहरा उजळा' शिकवायला सरांना माझंच थोबाड सापडलं. ते माउस ओढत गेले, मी गोरा होत गेलो.

"बघा, आला माणसात."

लाज वाटायची सोडून मला ती युक्तीच आवडली. असला मी हुशार.

घरी धाकट्या बहिणीला स्थळं बघत होते. तिचा फोटो मीच काढला, मीच उजळला. पार संगमरवराची केली. महाळुंग्याची मंडळी लगेच बघायला आली. बिल्डरला जमीन विकून मोठ्या गाडीतून फिरणारी. पोहे झाले. मुलाच्या चुलत्यानं खिशातून फोटो काढून तिच्या तोंडाशेजारी धरला. मग फोटोतल्या हातांवर बोट ठेवलं. उजळताना मी हात विसरलो होतो.

"तोंड एकीचं, हात दुसरीचे. ह्यातली कुठची दावताय? हातावरनं तर भांड्याला बरी हाय."

त्यांची माणसं हसली. वडील पोह्यांच्या बशा गोळा करू लागले. आणि मी? सवयीनं मीही दात काढले. बहिणीनं ते बघितलं.

गाडी गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "दादा, मी बिघडल्याली व्हते व्हय?"

चुलत्याला शिव्या घालायला मला तोंड कुठं होतं? त्याचं निम्मं काम मीच करून ठेवलं होतं.

क्लासच्या शेवटी प्रत्येकानं एक प्रिंट द्यायची होती. पास होईल त्याला सर पुण्यातल्या लॅबमध्ये कामाला चिकटवणार होते. मी बहिणीची मूळ फाईल उघडली. ट्यूबलाइटची हिरवट झाक तेवढी काढली आणि माउस सोडला.

सरांनी प्रिंट बघितली. "चेहरा राहिलाय."

"झालाय, सर."

"अरे, काळीच आहे ही."

"हो. आहे."

"घरची दिसतेय. अशीच देणार असशील तर लॅबचं विसर."

मागं हशा पिकला. या वेळी त्यांना माझी साथ मिळाली नाही.

लॅब गेली ती गेलीच. आता पौडला माझा स्टुडिओ आहे. स्थळासाठी फोटो काढायला येतात, जरा उजळ करा म्हणतात. न्हाई करत. शिव्या देत शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत. माझ्या दुकानातून पोरगी बाहेर पडेल ती स्वतःच्या रंगाची, तोंडानं आणि हातानंसुद्धा. ज्याला बघवत नाही, त्यानं बघायला येऊ नये.