पंगतीत बोललेला शब्द

मला कुणी विनाकारण गोड बोललं की मी आधी त्या माणसाच्या हाताकडे बघते. हातात काय लपवलंय ते तोंडापेक्षा लवकर कळतं, असं माझं मत. घरचे म्हणतात, तू जन्मतःच संशयी. असेन. पण ज्या वर्षी आमच्या कापसाच्या जिनाच्या रोडग्यांच्या पंगतीत तो प्रकार झाला, त्या वर्षी संशयी नसते तर माझं काही खरं नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मॅट्रिक होऊन, कचेरीनेच घेतलेली टायपिंगची परीक्षा देऊन मी पुलगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या कचेरीत लागले होते. आवारात सरकी निवडणाऱ्या, कापूस पसरणाऱ्या बाया पुष्कळ, पण कचेरीत खुर्चीवर बसणारी बाई मी एकटीच. नाचणगावाहून रोज पायी जायची. वडील नव्हते. घरात आई आणि मोठा भाऊ. दादाने नोकरीला परवानगी दिली होती, पण मनातून नाही. एखाद्याने उसनी दिलेली सायकल खिडकीतून बघत राहावी, तसं त्याचं माझ्या नोकरीवर लक्ष असे.

कापसाचा हंगाम संपला, शेवटची गाठ दाबून झाली की जिनातले सगळे मिळून नदीकाठच्या आमराईत मारोतीला रोडगे करत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. देवाचं जेवण, त्यामुळे साहेबापासून हमालापर्यंत सगळे एका पंगतीत बसत. तेवढी एक गोष्ट मला फार आवडायची.

आता जिल्ह्यात दारूबंदी. ती येऊन चार-पाच वर्षं झाली होती. पण नदीच्या पुलापलीकडे दुसरा जिल्हा लागतो आणि तिथे बंदी नव्हती. त्यामुळे आमच्याकडच्या पुरुषांना पुलापलीकडे भारी कामं निघायची. कुणाचा साडू आजारी, कुणाचा बैल बघायचा. परत येताना तोंडात लवंग. कचेरीत लवंगेचा वास आला की मी मान वर न करता सांगू शकायची, आज कुणाचा साडू आजारी होता ते.

त्या वर्षी आमराईत गोवऱ्यांपेक्षा लवंगेचाच वास जास्त होता. मोठ्या झाडामागे जिनाचा ट्रक उभा होता आणि माणसं एकेक करून ट्रकचं चाक बघायला जात होती. देवाच्या जेवणाला हे चाललेलं बघून आवारातल्या बाया तोंडं फिरवून बसल्या. साहेबही दोनदा चाक बघून आले. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, एरवी चहासुद्धा अर्धा पिणारे.

मी कारकून असले तरी वाढायला बाईच लागते, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. मी भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन पंगतीतून निघाले. बडे बाबूंच्या पुढ्यात वाकले. बडे बाबू म्हणजे कचेरीचे मुख्य कारकून, पन्नाशीचे, कपाळावर गंध. डोळे तांबारलेले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, बाईच्या हातची भाजी आपल्याले आज भेटून राह्यली. साहेबाले त रोजच भेटते. विचारा तिले, टायपिंगची परीक्षा कोन्या खोलीत देल्ली तं!"

कुणीतरी हसलं. मग आणखी काहीजण हसले. पहिलं कोण हसलं ते मला आजही कळलेलं नाही, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं मी त्या कचेरीत कुणीही हसलं की तो आवाज जुळवून बघायची. मी मनगट सोडवलं आणि गंज त्यांच्या पत्रावळीवर आपटला. वांग्याची भाजी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गळ्यापर्यंत उडाली. मग मी तशीच निघाले. अंगाची लाही लाही होत होती, आणि रडू येत होतं याचा त्याहून जास्त राग येत होता.

मी घरी पोचले तर दादा दारात उभा. बातमी माझ्या आधी पोचली होती. कुणी सांगितली, ते त्याने कधीच सांगितलं नाही.

"उद्यापासून कामावर जाऊ नको," तो म्हणाला.

"मी काय केलं?"

"तू नाई केलं. पन गावात तोंड मले दाखवा लागते."

आई मध्ये पडली नाही. मी खूप बोलले, भांडले. शेवटी दादा म्हणाला, "पंधरा दिवस देतो. ज्यानं म्हटलं त्यानं तेवढ्यात त्याच लोकाईसमोर आपला शब्द मांगं घेतला, त जात राह्य. नाई घेतला, त घरी बस."

म्हणजे माझी नोकरी आता बडे बाबूंच्या जिभेवर लटकली होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती कान टवकारूनच. आणि काय सांगू, कचेरीत नुसती साखर पेरलेली. शिपायाने न मागता चहा आणला. पंख्याखालची जागा ज्याने मला कधी दिली नव्हती तो कारकून उठून म्हणाला, "बसा बाई, उकडून राह्यलं." मी बसले नाही. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला चहाच्या पहिल्या घोटातच कळलं.

दुपारपर्यंत उलगडा झाला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य. "बाई, तो पिऊन होता. पिलेल्या मानसाचं काय मनावर घेता?" कारकून तेच म्हणाला, शिपाई तेच म्हणाला, वजनकाट्यावरचा माणूस खास आत येऊन तेच सांगून गेला. इतक्या माणसांना एकाच दिवशी एकच वाक्य सुचत नसतं. शेवटी बडे बाबू स्वतः आले. माझ्या टेबलापासून दोन हात लांब उभे राहून, जमिनीकडे बघत म्हणाले, "काल काय झालं, मले काईच आठवत नाई. शुद्धच नव्हती."

"मंग आता तुमाले सांगते, काय झालं ते," मी म्हणाले.

ते ऐकायला थांबले नाहीत. आठवत नव्हतं म्हणे. पण मला टाळून मागच्या दाराने जायचं त्यांना त्या दिवशी बरोबर आठवलं.

मी साहेबांकडे गेले. साहेबांनी दार सताड उघडं ठेवलं, वर शिपायाला उंबऱ्यात उभं केलं. माझा अपमान झाला होता, आणि भीती साहेबांना वाटत होती. मी काही मागायला आलेय, की त्यांनाच अडकवायला, हे ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. मी म्हणाले, "त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, सगळ्यांसमोर परत घ्यावं. मला दुसरं काही नको."

"प्रकरण वाढवू नका, बाई. माणूस शुद्धीवर नव्हता."

"आता आहे ना? आता म्हणू द्या."

साहेबांनी काखा वर केल्या आणि विषय संचालकांकडे ढकलला. एक म्हातारे संचालक होते, अंगात खादीची बंडी, हातात काठी. दारूबंदीसाठी तरुणपणापासून लढलेले. पण मला कळलं, की ते बडे बाबूंच्याच गावचे. झालं! माझी खात्रीच पटली, की हे सगळे मिळून मला गप्प बसवणार. त्या आठवड्यात मी घरी नीट जेवले नाही. दादा रोज विचारायचा, "काय झालं?" आणि मी म्हणायची, "होऊन राह्यलं."

बैठक साहेबांच्याच खोलीत झाली. म्हातारबाबा मधल्या खुर्चीवर, साहेब बाजूला, बडे बाबू उभे, आणि पंगतीत जवळ बसलेले भिंतीला लागून. मी दाराजवळ. म्हातारबाबांनी आधी मला शब्द विचारले. मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. एकही शब्द गाळला नाही.

मग त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं, "हा मानूस पिऊन होता का?"

आठवडाभर जे वाक्य उठता-बसता माझ्या कानावर आदळत होतं, ते आता कुणाच्याच तोंडून निघेना. मी एकेकाकडे बघत राहिले. आणि मला हळूहळू उमगलं. माझ्या टेबलापाशी "पिऊन होता" म्हणणं सोपं होतं. इथे, या म्हाताऱ्यासमोर, दारूबंदीच्या जिल्ह्यात ते म्हणणं म्हणजे पुढचा प्रश्न ओढवून घेणं. दारू कोणी आणली? पुलावरून कोणत्या गाडीतून आली? चाक बघायला कोण कोण गेलं? साहेबांचा अर्धा चहा तर कधीच गार झाला होता.

"नाई जी," कारकून म्हणाला. "दारू कुठची?"

"नाई जी," काट्यावरचा म्हणाला. "देवाचं जेवन होतं."

शिपाई म्हणाला, लवंग खाल्ली असन. साहेब म्हणाले, आमच्या कार्यक्रमात असं काही होत नाही.

म्हातारबाबा माझ्याकडे वळले. "पोरी, तुले काय वाटते? पिऊन होता?"

मला तो प्रश्न सापळा वाटला. हो म्हणाले तर पोलीस, ठाणं, पंचनामा. माझं नाव तिथे जाणार आणि दादा दाराला कडी घालणार. शिवाय सगळी कचेरी माझ्यावर उलटणार. पण त्याहून एक गोष्ट मला त्या क्षणी लख्ख दिसली. हो म्हणाले की ते शब्द दारूचे होतात. बडे बाबूंचे राहत नाहीत.

"मी शब्द सांगायले आली, वास सांगायले नाई," मी म्हणाले.

म्हातारबाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. बडे बाबूंना म्हणाले, "तुमीच सांगा."

बडे बाबूंनी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. "नाई जी," बडे बाबू म्हणाले. "पिऊन नव्हतो."

"म्हंजे शुद्धीत होते."

"हो जी."

"म्हंजे हे शब्द शुद्धीत म्हटले."

त्यांचा चेहरा मी विसरले नाही. आठवडाभर ज्या आडोशाला ते बसले होते तो त्यांच्याच माणसांनी त्यांच्यासमोर काढून घेतला होता. "हो जी," ते म्हणाले.

"खरं होतं का ते?"

"नाई जी. खोटं होतं."

"मंग काऊन म्हटलं?"

बडे बाबू पुन्हा जमिनीकडे बघू लागले. माझा संशय सांगू? ज्या दिवशी मी या जागेसाठी टायपिंगची परीक्षा दिली, त्या दिवशी त्यांचा भाचाही शेजारच्या मशीनवर बसला होता, आणि जागा एकच होती. पण कुणी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

निर्णय असा झाला, की बडे बाबूंनी खुर्ची सोडायची आणि येता हंगाम आवारात काट्यावर उभं राहायचं. आणि शब्द जिथे म्हटला तिथेच, त्याच लोकांसमोर परत घ्यायचा. मी म्हाताऱ्यावर फुकट संशय घेतला होता, असं मी म्हणणार नाही. घेतला म्हणून तर त्यांच्या प्रश्नाकडे नीट लक्ष दिलं.

पुढच्याच रविवारी, खास त्यासाठी, पुन्हा आमराईत रोडगे झाले. या वेळी ट्रक नव्हता आणि लवंगही नव्हती. दादा आला होता, पंगतीत न बसता सायकल धरून झाडाखाली उभा होता. बडे बाबू उठले. गंध नेहमीसारखं, सदरा धुतलेला, पण भाजीचा पिवळा डाग काही गेला नव्हता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या बाईबद्दल मी जे म्हटलं ते खोटं होतं. मी शुद्धीत म्हटलं होतं. मले माफ करा." मग खाली बसले आणि पत्रावळ बाजूला सारली.

कुणी हसलं नाही. जे त्या दिवशी हसले होते ते माना खाली घालून रोडगे मोडत होते. त्यांच्यापैकी कुणी माफी मागितली नाही, आणि मागायला त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. दोघंजण माझ्याकडे बघून काहीतरी कुजबुजले. पुढे मला कळलं, की बाईने म्हाताऱ्याला हाताशी धरलं, अशी बोलवा आवारात उठली होती. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. मला फक्त दादाकडे बघायचं होतं. त्याने ऐकलं होतं. शब्द न शब्द ऐकला होता. माझी नोकरी राहिली होती, आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की मी त्या दिवशी दोन रोडगे जास्त खाल्ले.

परत जाताना मी दादाच्या सायकलवर मागे बसले. ऊन उतरलं होतं. बाजूच्या शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावले होते. मला वाटलं, तो आता म्हणेल, बरं झालं बाई. किंवा म्हणेल, उद्या वेळेवर जाजो.

नाल्याच्या उतारावर त्याने पायडल मारणं थांबवलं आणि मागे न बघता विचारलं, "बाई, एक सांग मले. काईच नसन, त त्यानं तुह्यंच नाव काऊन घेतलं?"

"थांबव," मी म्हणाले.

"काऊन?"

"थांबव म्हटलं ना."

त्याने थांबवली. मी उतरले आणि उरलेली वाट पायी चालत गेले. तो सायकल हातात धरून थोडा वेळ बरोबरीने चालला, मग पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा होता. ठरल्याप्रमाणे त्याची परवानगी मिळालेलीच होती, फक्त मी विचारायचं बाकी होतं. मी चप्पल घातली, त्याला बाजूला हो म्हणाले, आणि कामावर गेले.